श्रीम्हाइंभट : त्याग आणि संग्रह

दृष्टांत

बालाघाटाच्या डोंगररांगेत, रामलिंगाच्या अरण्यालगत येडशी हे गाव वसले आहे. धाराशिव जिल्ह्यातील या गावास अरुंद रुळांच्या आगगाडीचा दीर्घ सहवास लाभला. बार्शी लाइट रेल्वेची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातुरास पोचली. या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. डोंगरातील वळणे आणि चढ यांना ते माप सोयीचे होते, आणि त्याने अनेक पिढ्यांची सेवा केली. परंतु त्यात एक अडचण होती. मोठ्या मार्गावरील वाघीण या रुळांवर चालू शकत नसे. कुर्डुवाडीस माल उतरवून तो पुन्हा दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. अखेर २००८ पर्यंत हा मार्ग रुंद करण्यात आला व जुने रूळ उखडले गेले. त्या लहान गाडीची सवय झालेल्या कित्येकांच्या मनास तेव्हा हुरहूर लागली असेल. परंतु जुन्या मार्गावर नसलेले धाराशिव शहर नव्या मार्गावर आले आणि दूरच्या गाड्या थेट येऊ लागल्या. येडशी होती तेथेच राहिली. लोकांचे जाणे-येणे होते तसेच राहिले. सुटले ते केवळ अरुंद माप.

जीवाच्या ठिकाणीही अशी मापे रुजलेली असतात. कोणाचे माप विद्येचे, कोणाचे धनाचे, कोणाचे कुळाचे. ती एके काळी उपयोगी पडलेली असतात, म्हणूनच ती सोडवत नाहीत. ती सोडल्यावर काय उरते व काय नव्याने येते, हे जाणण्यासाठी लीळाचरित्रकार म्हाइंभटांचे जीवन पाहण्यासारखे आहे.

सराळ्याचे पंडित

म्हाइंभट हे तेराव्या शतकातील, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीतील पुरुष. सराळे हे त्यांचे गाव. जन्माने ब्राह्मण, वृत्तीने शास्त्री आणि घरचे संपन्न. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाचा त्यांना सहवास होता. त्या काळी पंडिताची प्रतिष्ठा वादसभेत ठरत असे, आणि अशा सभांतून म्हाइंभटांनी मान मिळविला होता. आपल्या तोडीचा दुसरा कोणी नाही, हे जगास दिसावे म्हणून ते पायी तृण बांधून व दिवसा दिवटी पाजळून फिरत, असे परंपरा सांगते. गवतास बांधलेला पाय म्हणजे प्रतिपक्षी तृणवत असल्याची खूण. सूर्यप्रकाशातील दिवटीचा अर्थ असा की, इतरांचे ज्ञान हा अंधारच होय.

या अभिमानास केवळ दोष म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. म्हाइंभटांची विद्या खोटी नव्हती. ती त्यांनी कष्टाने मिळविली होती. पण जी वस्तू कष्टाने मिळते तिच्यावर मनुष्याचे ममत्व अधिक असते. आयत्या मिळालेल्या धनाचा त्याग एखादा सहज करील. स्वतः घडविलेल्या प्रतिष्ठेचा त्याग करताना मात्र आपण स्वतःच नाहीसे होत आहोत असे त्यास वाटते.

डोमेग्रामची भेट

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वास्तव्य गोदावरीकाठी डोमेग्राम येथे असताना म्हाइंभट त्यांच्या भेटीस आले. ते आले वाद करण्यासाठी. स्वामींनी मराठीतून केलेल्या प्रश्नोत्तरांत त्यांचा शास्त्राधार एकेक करून निसटत गेला. शब्द पाठ असणे आणि वस्तूचे ज्ञान असणे यांतील अंतर त्या दिवशी त्यांच्या प्रत्ययास आले. पंडित निरुत्तर झाला, आणि त्याच्या मनास बोधाचा स्पर्श झाला.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. म्हाइंभटांनी त्याच क्षणी सर्वस्व सोडले नाही. अभिमान ढळला, तरी घर, धन आणि संसार यांचा पाश कायम राहिला. स्वामींविषयी त्यांच्या मनात आदर उत्पन्न झाला, परंतु अनुसरण घडले नाही. योग्य ते कळले आहे, आणि तरीही ते पुढे ढकलले जात आहे, अशी ही अवस्था होती. प्रापंचिक मनुष्यास ती फार ओळखीची आहे. पुढील वर्षी, हे एवढे कार्य उरकल्यावर, मुले मार्गी लागल्यावर, असे म्हणत तो दिवस काढतो.

१२७२ ते १२७४ च्या सुमारास स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले. म्हाइंभटांस सन्निधानाचा जो अवसर होता तो संपला. ज्यांनी आधीच सर्व सोडले होते त्यांच्यापाशी वर्षांच्या आठवणी होत्या. म्हाइंभटांपाशी थोड्याच होत्या. विलंबाचे हे मूल्य त्यांना चुकवावे लागले, आणि ते पुन्हा भरून येणारे नव्हते.

ऋद्धिपुरी

यानंतर म्हाइंभटांनी प्रपंच सोडला आणि ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत असलेल्या मंडळीत आले. श्रीनागदेवाचार्य तेथे होते. स्वामींच्या वियोगाने व्याकूळ झालेले नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी त्यांस विचारले की, आपण कशाचे मनन करता. लीळांचे, असे आचार्यांनी सांगितले. तेव्हा म्हाइंभटांच्या मनात विचार आला की, ही स्मरणे ज्यांच्यापाशी आहेत ते एके दिवशी जातील आणि त्यांच्याबरोबर स्मरणेही जातील. म्हणून ती लिहून ठेवावीत. आचार्यांनी अनुमती दिली. आचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत.

आचार्यांच्या आठवणी लिहून झाल्या, तरी त्यांच्या अपरोक्ष घडलेल्या लीळा राहिल्या होत्या. त्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने प्रत्यक्ष पाहिले असेल त्याच्याकडे जावे, त्याने सांगितलेले ऐकावे, दुसऱ्याच्या सांगण्याशी ते ताडून पाहावे आणि आचार्यांकडून तपासून घ्यावे, अशी त्यांची पद्धती होती. सांगणाऱ्यांत महदाइसांसारख्या जिज्ञासू स्त्रिया होत्या, साधे भाविक होते, शास्त्राचे अक्षरही न शिकलेले लोक होते. पूर्वी पंडितांस प्रश्न विचारून निरुत्तर करणारा पुरुष आता अशिक्षितांच्या दारी जाऊन विचारू लागला आणि त्यांचे उत्तर प्रमाण मानू लागला.

विद्या सोडणे म्हणजे अज्ञानी होणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. वादसभेत पूर्वपक्ष नेमका मांडण्याची, शब्द काटेकोर धरण्याची आणि साक्ष पारखण्याची जी शिस्त त्यांनी कमावली होती, ती या कार्यात पुरेपूर उपयोगास आली. सुटला तो विद्येवरील स्वामित्वाचा अभिमान. प्रथम पाहिलेल्या सर्व लीळांचे साक्षी ते स्वतः असते, तर कदाचित त्यांनी आपल्या आठवणींवरच भिस्त ठेवली असती. त्यांनी फारसे पाहिले नव्हते, म्हणूनच त्यांना सर्वांस विचारावे लागले. चुकलेल्या अवसराचा शोक करीत न बसता त्यांनी त्यातून नवे कार्य उभे केले.

भाषेचा त्याग

१२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. मराठी गद्यातील हा आद्य चरित्रग्रंथ होय. त्या काळच्या शास्त्रीपंडिताने ग्रंथ लिहायचा तो संस्कृतात, हा संकेत होता. संस्कृतात लिहिले असते तर म्हाइंभटांची कीर्ती त्यांच्या जुन्या मंडळींत वाढली असती. परंतु स्वामींनी निरूपण केले ते मराठीत. नागदेवाचार्यांचाही मराठीविषयी आग्रह होता, आणि त्यामागील कारण असे की, संस्कृतामुळे साध्यासुध्या स्त्रिया व सामान्य जन धर्मास मुकतील. म्हाइंभटांनी सभेची भाषा सोडली आणि घराची भाषा घेतली.

त्यांची वाक्ये लहान आहेत. अलंकार नाहीत. स्वामी कोठे उतरले, कोणी काय वाढले, वाटेत कोण भेटले, कोणाचे काय दुखले, हे जसेच्या तसे येते. तत्कालीन अन्न, वस्त्रे, बाजार, वाटा आणि देवळे यांची माहिती आज अभ्यासकांस या ग्रंथातून मिळते. आणि या ग्रंथात म्हाइंभटांनी स्वतःस वगळलेले नाही. सराळ्याचा अभिमानी पंडित डोमेग्रामी कसा निरुत्तर झाला, हेही त्यात आले आहे. आपला पराभव आपल्याच ग्रंथात नोंदविणे ज्यास जमले, त्याचा त्याग पुरा झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा संकलित केल्या. तेच ऋद्धिपुरचरित्र होय. केशिराजबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला व दृष्टांतपाठ सिद्ध केला. एकाने जमविलेले धान्य दुसऱ्याने निवडले आणि अनेकांनी त्यावर निर्वाह केला.

पोथी गेली

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर उत्तरेकडून स्वाऱ्या होत होत्या. त्या धामधुमीत धाड पडून लीळाचरित्राची मूळ पोथी हिरावली गेली, अशी परंपरा आहे. ज्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले ती पोथी राहिली नाही. परंतु हिराइसांसारख्या एकपाठी व्यक्तींच्या मुखी ती होती. त्यांच्या स्मरणावरून परशरामबासांनी पाठ लिहिला, आणि इतरांनीही आपापले पाठ सिद्ध केले. म्हणून या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात, आणि मूळ शब्द कोणता हा प्रश्न अभ्यासकांस आजही पडतो. हानी झाली ती झालीच. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ग्रंथ केवळ लेखकाच्या पेटीत राहिला असता तर तो समूळ नष्ट झाला असता. तो लेखकाच्या हातून सुटून अनेकांच्या कंठी गेला होता, म्हणूनच वाचला.

पुढे कित्येक शतके सांकेतिक लिप्यांत तो जपला गेला. विसाव्या शतकात ह. ना. नेने यांनी त्याचे भाग प्रसिद्ध केले, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. ऋद्धिपुरचरित्राचा अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये निघाला. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीन वाङ्मयात लीळाचरित्राचे स्थान अग्रभागी होते.

दार्ष्टांतिक

येडशीच्या रुळांप्रमाणे म्हाइंभटांची चार मापे सुटली. विद्येचा अभिमान प्रथम, नंतर धन व घर, नंतर पंडितांची भाषा, आणि अखेर ग्रंथावरील हक्क. या क्रमात एकदाही त्यांचे मूळ सामर्थ्य नष्ट झाले नाही. ते रुंद झाले. ज्याने स्वतःसाठी काही ठेवले नाही त्यानेच मराठीसाठी सर्वांत मोठा संग्रह केला.

सर्वांस संन्यास घडत नाही. परंतु गृहस्थाश्रमातही मापे बदलण्याचे प्रसंग रोज येतात. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्या लागतात. बापाने शेताचा कारभार मुलाकडे सोपवावा लागतो. चाळीस वर्षे एका पद्धतीने काम केलेल्या कारागिरास मुलाच्या वयाच्या माणसाकडून नवी रीत शिकावी लागते. अशा वेळी मनुष्यास वाटते की, आपले महत्त्व गेले. त्याने स्वतःस विचारावे की, जाते आहे ते काम, की कामावरील आपला हक्क. काम पुढे जात असेल तर हात सैल करावा. आणि हे करण्यास फार विलंब लावू नये, कारण विलंबाने काय हरवते हे म्हाइंभटांनी भोगले आहे. मात्र विलंब झालाच असेल, तर उरलेल्या दिवसांत ज्यांच्यापाशी आठवणी आहेत त्यांच्या दारी जाऊन विचारावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे.