लामार्क आणि नदीतली गोगलगाय

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लामार्क हे नाव येते ते जिराफाच्या मानेबरोबर. उंच पाला खाण्यासाठी जिराफ मान ताणत राहिला, मान लांबली, आणि ती लांबी पिलांना मिळाली असे लामार्क म्हणाले. ते चूक ठरले. पुढे डार्विन आले. एवढ्यात त्यांची बोळवण होते. वास्तविक त्यांच्या जाडजूड ग्रंथात जिराफाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. ज्या प्राण्यांसोबत त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध काढला ते शंख, शिंपले, कृमी आणि गोगलगायी होते.

झाँ-बाप्तिस्त द लामार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतातील बाझांतँ या खेड्यात झाला. हे अकरावे अपत्य. घराणे सरदारांचे, पण घरात पैसा नव्हता. थोरले मुलगे सैन्यात गेले म्हणून धाकट्याला धर्मगुरू करायचे वडिलांनी ठरवले आणि जेझुइटांच्या शाळेत घातले. वडील वारल्यावर मुलाने शाळा सोडली, एक मरतुकडा घोडा विकत घेतला आणि थेट जर्मनीतली रणभूमी गाठली. १७६१ च्या जुलैत, दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लढाई पेटली. तुकडीतले सगळे अधिकारी पडले, चौदा शिपाई उरले. सोळा वर्षांचा हा पोरगा सर्वांना घेऊन जागेवर ठाण मांडून बसला, कारण मागे फिरण्याचा हुकूम आला नव्हता. त्याच दिवशी त्यांना अधिकारी करण्यात आले. हा हट्टी स्वभाव पुढे त्यांच्या उपयोगी पडला आणि नडलाही.

पुढे छावणीत थट्टामस्करी करताना एका सोबत्याने त्यांना डोके धरून उचलले. मानेला इजा झाली, पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि सैनिकी पेशा संपला. तुटपुंजे निवृत्तिवेतन, पेढीवर कारकुनी, आणि राहायला माळ्यावरची खोली. खिडकीतून ढगांशिवाय काही दिसत नसे, म्हणून ढगांचाच अभ्यास सुरू झाला. मग वैद्यक, मग वनस्पतिशास्त्र. १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवर त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. तो लॅटिनमध्ये नव्हता, फ्रेंचमध्ये होता. दोन पर्यायांपैकी एक निवडत पुढे जायचे, की शेवटी झाडाचे नाव हाती यावे, अशी त्याची सोय होती. पुढल्याच वर्षी विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली.

राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये राजाच्या बागेचे राष्ट्रीय संग्रहालय झाले आणि प्राध्यापकांच्या जागा वाटल्या गेल्या. वनस्पतींची जागा दुसऱ्याला मिळाली. लामार्कना मिळाले कीटक आणि कृमी, म्हणजे कोणालाच नको असलेले खाते! वय पन्नाशीला टेकलेले. भांडवल एवढेच, की ब्रुगिएर या मित्राबरोबर शंखशिंपले पाहण्याची आणि जमवण्याची त्यांना आवड होती.

लिनिअसने हाडे नसलेल्या प्राण्यांचे दोनच वर्ग केले होते, कीटक आणि कृमी. लामार्कनी तो गोंधळ उपसायला घेतला. कोळी कीटकांतून वेगळे काढले, खेकडे-झिंगे वेगळे काढले, गांडुळाला त्याचा गट दिला. या साऱ्या प्राण्यांना अपृष्ठवंशीय हे नावही त्यांचेच. शंखांचे काम तर फारच मोठे. पॅरिसच्या आसपास जमिनीत जीवाश्म शंखांचे थर आहेत. ते जिवंत शंखांशेजारी मांडताना, काहींचे रूप जवळचे पण थोडे बदललेले, असे त्यांना दिसले. जाती कायम असतात असे मानणाऱ्या या माणसाने पुढे आपले मत बदलले आणि मे १८०० मध्ये वर्गात उघडपणे सांगितले की सजीव बदलत जातात. उत्क्रांतीचा विचार त्यांना शंखांपाशी सुचला हे पुस्तकात यायला हवे, असे मला वाटते.

१८१६ मध्ये, ब्रुगिएर यांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलेल्या विश्वकोशाच्या कामात, लामार्कनी नेरिटिना ही प्रजाती वेगळी केली. नेरिटा समुद्रकाठच्या खडकावरची. तिचा शंख जाड आणि बाहेरच्या ओठाला आतून दात. नेरिटिना नदीत आणि मचूळ पाण्यात राहणारी. तिचा शंख पातळ आणि बाहेरचा ओठ बिनदाती. दोहोंचे तोंड अर्धचंद्राकृती, त्यावर चुन्याचे पक्के झाकण. या कुळाची आणखी एक गंमत म्हणजे वाढता वाढता प्राणी शंखाच्या आतल्या भिंती विरघळवून टाकतो, आणि बाहेरून वळणे दिसली तरी आत एकच मोकळी खोली उरते. अंडी दगडावर, कधी दुसऱ्या गोगलगायीच्या पाठीवरही, पांढऱ्या टिकल्यांसारखी चिकटवलेली असतात. बऱ्याच जातींची पिले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि मोठी होताना पुन्हा नदीत चढतात. मांडवी-झुवारीच्या खाड्यांत ओहोटीला खारफुटीपाशी गेलात तर याच कुळातल्या गोगलगायी आपल्यालाही दिसतील. रंगनक्षी अशी, की एका जातीतले दोन शंख शेजारी ठेवले तर ते सारखे निघतीलच असे नाही.

या कामाचा मोठा ग्रंथ १८१५ ते १८२२ या काळात सात खंडांत निघाला, आणि तो लिहीत असतानाच लामार्कची दृष्टी जात होती. भिंगातून बारीक दात मोजणाऱ्या माणसाला शंख दिसेनासा झाला. काही भागांत सहकाऱ्यांनी मदत केली. शेवटच्या भागांसाठी त्यांनी सांगायचे आणि थोरल्या मुलीने लिहून घ्यायचे, असे चालले. नेरिटिनाच्या जातींची सविस्तर वर्णने १८२२ च्या खंडात आहेत. वडील खोलीबाहेर पडेनासे झाले तशी तीही पडेनाशी झाली. पुढे पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा मोकळी हवा तिला सोसवेना, असे कुविए यांनी नमूद केले आहे. हे कुविए म्हणजे लामार्कचे संग्रहालयातले सहकारी आणि कडवे विरोधक. लामार्क वारल्यावर त्यांनी लिहिलेला मृत्युलेख स्तुतीपेक्षा टीकेचाच जास्त होता. टीकेला जागा होती, हेही मान्य करायला हवे. लामार्क लाव्हाझिएच्या रसायनशास्त्राविरुद्ध भांडत बसले, हवामानाची भाकिते छापत राहिले. त्या भाकितांपायी नेपोलियनने त्यांचा चारचौघांत अपमान केला. हातात होते ते पुस्तक वेगळेच होते, हे त्याने पाहिलेही नाही.

१८ डिसेंबर १८२९ रोजी लामार्क गेले. मोंपार्नास स्मशानभूमीत ठराविक मुदतीच्या जागेत पुरले, मुदत संपल्यावर हाडे हलवली गेली, आणि आज त्यांची कबर नाही. १८३२ मध्ये त्यांची मुलगी कॉर्नेली, वडील जिथे प्राध्यापक होते त्याच संग्रहालयात, थोड्या पगारावर वाळलेली झाडे कागदाला चिकटवताना लोकांनी पाहिली. १९०९ मध्ये तिथल्या बागेत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर आंधळा म्हातारा आणि शेजारी मुलगी कोरलेली आहे.

नंतरच्या अभ्यासकांनी नेरिटिनातून बऱ्याच जाती काढून दुसऱ्या प्रजातींत घातल्या. मूळ प्रजाती मात्र राहिली, आणि तिच्यापुढे शास्त्रीय यादीत लामार्क, १८१६ असेच लिहितात. शंखांचा त्यांचा स्वतःचा संग्रह गरिबीपायी विकावा लागला होता. तो दोन श्रीमंतांच्या हातून फिरत १८६९ मध्ये जिनिव्हाच्या संग्रहालयात पोचला, आणि तिथे तो जपून ठेवलेला आहे.