अर्जातला एक रकाना

बँकेत अधिकारी असताना नव्या उमेदवारांचे अर्ज माझ्या हातांखालून जात. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय, असा एक रकाना त्यांत असे. तो पाहिला की मला हटकून यशवंतराव चव्हाण आठवत.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्रे येथे. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई विठाईंनी मोठ्या कष्टाने मुलांना कराडात वाढवले. २६ जानेवारी १९३२ रोजी टिळक हायस्कूलच्या आवारात यशवंताने तिरंगा फडकवला आणि अठरा महिन्यांची शिक्षा पदरात पडली. वय अठरा वर्षे दहा महिने, अजून मॅट्रिकही व्हायचे होते. मुंबई इलाख्यात १९२४ पासून मुलांसाठी वेगळा कायदा होता. पण त्याचे छत्र सोळा वर्षांच्या आतल्यांनाच. आजच्या अठराच्या मर्यादेतही तो बसला नसता. माफी मागितली तर मुलगा सुटेल, असे विठाईंना सुचवले गेले. त्या माउलीने ते मानले नाही.

येरवड्याच्या तुरुंगात त्याने भरपूर वाचले. सुटल्यावर तो पुन्हा शाळेच्या बाकावर बसला आणि १९३४ मध्ये मॅट्रिक झाला. पुढे कोल्हापुरात बी.ए., पुण्यात कायद्याचे शिक्षण, कराडात वकिली. १९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९६६ मध्ये, एकेकाळच्या या कैद्याच्या हाती देशाचे गृहखाते आले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले.

त्यांची शिक्षा लोकांनी भूषण मानली. सायकल चोरलेल्या सोळा वर्षांच्या पोराचे तसे होत नाही. २०१५ च्या कायद्याने असा मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. तिथे दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. दोष सिद्ध झाला तरी त्यापायी पुढे कसलीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत सरल्यावर कागद नष्ट करायचे असतात. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तर मात्र ही सवलत नाही.

कागद कायदा नष्ट करील. पण गावाच्या तोंडी राहिलेली नोंद कोण पुसणार? कराडात तुरुंगातून आलेल्या एका मुलाला शाळेने बाक दिला, म्हणून पुढचे सारे घडले. आपल्या गल्लीतल्या पोराला तो बाक देणे आपल्याच हाती आहे.