योहान रादोन : प्रश्नाआधीच सापडलेले उत्तर

तुटलेल्या जबड्याची किंवा कवटीची हुबेहूब प्रतिकृती हातात घेऊन शस्त्रक्रियेची आखणी करणे आज शल्यचिकित्सकांना शक्य झाले आहे. सीटी स्कॅनमधून मिळालेले काप संगणकावर एकावर एक रचले जातात, हाड आणि मऊ ऊती वेगळ्या केल्या जातात आणि त्यातून त्रिमितीय प्रतिकृती आकारास येते. परंतु शरीर न कापता त्याचा काप मिळतो कसा? या प्रश्नाचे गणिती उत्तर देणाऱ्या योहान रादोन यांना सीटी यंत्र पाहण्याचे भाग्य मात्र लाभले नाही.

रादोन यांचा जन्म १६ डिसेंबर १८८७ रोजी बोहेमियातील टेचेन येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. व्हिएन्ना विद्यापीठातून १९१० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दृष्टी फार अधू असल्याने पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले नाही. युद्ध पेटलेले असतानाच, १९१७ मध्ये, लाइपझिगच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. एखाद्या प्रतलातील प्रत्येक सरळ रेषेवरील मूल्यांची बेरीज ठाऊक असेल, तर त्या प्रतलातील प्रत्येक बिंदूचे मूल्य शोधता येते, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. क्ष-किरण शरीरातून जाताना वाटेतील ऊतींमुळे क्षीण होतो. तो किती क्षीण झाला, यावरून नेमकी अशी बेरीजच हाती येते. मात्र रादोन यांच्यासमोर रुग्ण नव्हता; होते ते केवळ शुद्ध गणित.

पुढे हॅम्बुर्ग, ग्राइफ्सवाल्ड, एर्लांगेन असा प्रवास करत ते १९२८ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले. घरात मात्र दुःख पाठीशीच होते. तीन मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. एक जन्मानंतर अल्पावधीत, दुसरा आजाराने, तर तिसरा रशियाच्या आघाडीवर. मुलगी ब्रिगिटे तेवढी मागे राहिली. तिनेही गणिताचाच मार्ग धरला. १९४५ मध्ये युद्ध दाराशी येताच या कुटुंबाला ब्रेस्लाऊ सोडावे लागले. त्यानंतर रादोन व्हिएन्नाला परतले, पुन्हा शिकवू लागले आणि १९५४ मध्ये त्या विद्यापीठाचे रेक्टर झाले. २५ मे १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा निबंध तोवर मोजक्या गणितज्ञांपुरताच राहिला होता. क्ष-किरणांच्या मोजमापांतून शरीराचे अंतरंग उलगडू पाहणाऱ्या अ‍ॅलन कॉर्मॅक यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी १९६३ मध्ये तेच कोडे स्वतंत्रपणे सोडवले. १९७१ मध्ये गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी अशा गणनेची सुटसुटीत रीत मांडली. त्याच वर्षी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप टिपला. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले.

रादोन यांचे नाव आज ‘रादोन रूपांतर’ या संज्ञेत जिवंत आहे. तात्काळ उपयोग काय, असे विचारून मूलभूत संशोधनाची किंमत ठरवणाऱ्यांनी १९१७ ते १९७१ हे अंतर एकदा मोजून पाहावे.