डॉ. वाल्डेमार हाफकिन: पटकीशी झुंजलेला माणूस



पावसाळा आला की आपल्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगा दुथडी भरून वाहते, विहिरींचे पाणी गढूळ होते आणि हगवण-उलटीचे रुग्ण दवाखान्यात दिसू लागतात. सलाईन किंवा ओ.आर.एस. मिळाले की बहुतेक जण दोन-चार दिवसांत बरे होऊन शेतावर जातात. आपल्या पणजोबांच्या काळी तसे नव्हते. पटकी, म्हणजेच कॉलरा, गावात शिरली की सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी उचलावा लागे. आजही कितीतरी गावांच्या शिवेवर मरीमायचे ठाणे दिसते. ही भीती किती खोल रुजलेली होती, हे त्यावरून कळते.

या रोगाशी झुंजण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले आणि ज्याच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची ओळख आज आपण करून घेऊ या. त्यांचे नाव लसीच्या बाटलीवर अनेकांनी वाचले असेल. त्यांची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी हा रोग काय करतो ते पाहू. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातात आणि लहान आतड्यात एक विष सोडतात. त्या विषामुळे आतडे शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागते. आपण भातपिकाच्या जिल्ह्यातले लोक; तांदूळ धुतल्यावर जे पांढुरके पाणी निघते, तसे जुलाब रुग्णाला होतात. काही तासांत शरीर कोरडे पडते, रक्त घट्ट होते, मूत्रपिंडे लघवी तयार करणे थांबवतात आणि माणूस दगावतो. घाव आतड्यावर बसतो, पण मूत्रपिंड आणि हृदयही त्यात सापडते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात ते प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांचे शिष्य झाले. बुद्धी तल्लख होती, पण यहुद्यांना त्या राज्यात वरची जागा मिळणे कठीण होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर प्राध्यापकपद मिळण्याची वाट मोकळी झाली असती. त्यांनी नकार दिला. नोकरीसाठी विश्वास बदलणे त्यांच्या मनाला पटले नाही. आपण ख्रिस्ती लोकांनीही त्यांच्या या नकाराचा आदर करावा असे आम्हांला वाटते. लाभासाठी घेतलेला धर्म हा धर्म नव्हे.

पुढे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे त्यांना मिळालेली जागा संशोधकाची नव्हती, सहायक ग्रंथपालाची होती. पुस्तकांचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते पटकीच्या जंतूंवर प्रयोग करत. जंतू कमजोर करून त्यांची लस बनवायची आणि शरीराला आधीच सावध करायचे, असा त्यांचा विचार होता. आधी सौम्य जंतूंची मात्रा द्यायची आणि काही दिवसांनी जोरदार जंतूंची, अशी त्यांची रीत होती.

प्राण्यांवर लस यशस्वी झाली. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी मित्रांना ती दिली. दुसऱ्याच्या लेकराला जे द्यायचे ते आधी आपल्या अंगावर घेऊन पाहायचे, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

पॅरिसमध्ये तेव्हा इंग्रजांचे राजदूत म्हणून लॉर्ड डफरिन होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय होते आणि पटकीने इथे काय हाहाकार होतो ते त्यांना माहीत होते. त्यांच्या पाठिंब्याने १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला उतरले. लोक बिचकत होते, आणि त्यात नवल नव्हते. परका माणूस सुई घेऊन दारात उभा राहिला तर कोण हात पुढे करील? तेथील काही भारतीय डॉक्टर मात्र त्यांच्यासोबत वस्त्यांमधून फिरले आणि लोकांसमोर लस टोचून घेतली. मग हळूहळू लोक तयार झाले.

१८९४ च्या मार्च महिन्यात कोलकात्याच्या एका गरीब वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत पटकीचे १० रुग्ण झाले आणि त्यांतले ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या माणसांची अशी दोन बाजूंनी मोजणी करणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. लस घेतलेला जगला एवढ्यावर हाफकिन यांचे समाधान होत नसे. लस न घेतलेल्या शेजाऱ्याचे काय झाले, हेही ते विचारत. आज कोणतेही औषध रुग्णांवर तपासताना असा दुसरा गट ठेवतात. १८९५ पर्यंत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना पटकीची लस टोचली. त्या धावपळीत मलेरियाने त्यांनाच गाठले आणि प्रकृतीसाठी युरोपला परतावे लागले.

ते पुन्हा इकडे आले तेव्हा, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग सुरू झाला होता. सरकारने त्यांना तिकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत, मोजक्या मदतनिसांना घेऊन त्यांनी काही आठवड्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ कमी आढळले.

१८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील कॅथलिक मठ आणि चॅपेल होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजांनी ती येशूसंघीयांकडून काढून घेतली आणि पुढे तिथे गव्हर्नर राहू लागले. १८८० च्या दशकात याच घरात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली. रोगाने राजवाडा आणि झोपडी असा भेद केला नाही. ज्या घरात पटकीने बळी घेतला, तेच घर पुढे साथीच्या रोगांविरुद्ध लस बनवण्याचे केंद्र झाले.

आता या कथेचा दुःखाचा भाग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ लोकांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांतील १९ जण काही दिवसांनी धनुर्वाताने मेले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही. पहिल्या चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि ते देश सोडून गेले.

खरे काय झाले होते? बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब साक्षीत होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. एवढे असूनही माणूस आधी दोषी ठरला आणि पुराव्याचा विचार मागाहून झाला. शेवटी १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. ते दोषमुक्त झाले आणि कोलकात्याला परत कामावर आले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ज्याने प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी मोजून पाहिली, त्याला न्याय देताना मात्र एकच बाजू मोजली गेली.

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक चूक आठवते. अनेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या धर्मग्रामात सणाच्या सहभोजनानंतर बरीच माणसे हगवणीने आजारी पडली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाताला स्वच्छता नाही, असे आम्ही चार लोकांत बोलून गेलो. आठवड्याने आरोग्य कर्मचारी आले आणि त्यांना आढळले की पाण्याच्या टाकीकडे जाणारी नळी गटाराजवळ फुटली होती. ती नळी बदलणे हे आमचेच काम होते. त्या बाई कित्येक महिने मिस्सेला आल्या नाहीत. आम्ही त्यांच्या दारी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, पण त्यानंतर पुन्हा कधी स्वयंपाकाला हात लावला नाही. आम्ही पाच वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, कारण आणि कार्य यांवर परीक्षा दिल्या, आणि नळी न पाहताच निकाल दिला.

हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी वारले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. पुढच्या काळात ज्ञान आणखी वाढले. टोचायच्या पटकीच्या लसीचे संरक्षण अपुरे आणि थोड्या काळाचे असते असे दिसून आले. आता तोंडाने घ्यायच्या लसी आहेत. १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीच्या विषाचे काम आतड्यात दाखवून दिले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारो रुग्ण वाचवले.

तेव्हा या पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. हगवण लागताच ओ.आर.एस. सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. लहान मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

आणि कोणी आजारी पडले, काही बिघडले, तर कोणाचे नाव घेण्याआधी आपण सर्वांनी एकदा पाण्याची नळी पाहून यावी.

आपले धर्मगुरू