पाहायला शिकवणारा समीक्षक

१० नोव्हेंबर १९५८ चा दिवस. पॅरिसमध्ये २६ वर्षांचा एक तरुण आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या चित्रीकरणाला प्रारंभ करीत होता. काम आटोपताच तो शहराबाहेरील नोजाँ-स्युर-मार्न या गावी धावला. ज्याला त्याने मनोमन पिता मानले होते तो माणूस तेथे अखेरच्या घटका मोजत होता. ११ नोव्हेंबरला त्या माणसाने जगाचा निरोप घेतला. तरुणाचे नाव फ्रान्स्वा त्रुफो आणि निरोप घेणाऱ्याचे आंद्रे बाझँ. वय अवघे ४० वर्षे.

चित्रपटाविषयी मत प्रत्येकाला असते. तिकीट काढले की ते व्यक्त करण्याचा अधिकारही आपसूक मिळतो. बाझँ यांनी मात्र आयुष्यभर एकच आग्रह धरला. आधी पडद्यावर काय आहे ते नीट पाहा, निवाडा त्यानंतर करा. एवढ्या साध्या आग्रहातून जागतिक चित्रपट समीक्षेची दिशाच पालटली.

१८ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधील आंजे या शहरात त्यांचा जन्म झाला. बालपण ला रोशेल या बंदरात गेले. त्यांना शिक्षक व्हायचे होते आणि पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथील नामांकित अध्यापक विद्यालयात त्यांनी शिक्षणही घेतले. परंतु जिभेने दगा दिला. बोलताना ते अडखळत, आणि तोंडी परीक्षेत त्याच कारणाने त्यांना नाकारण्यात आले. वर्गाचे दार कायमचे बंद झाले.

पॅरिस तेव्हा जर्मन फौजांच्या टाचेखाली होते. त्या काळोख्या दिवसांत बाझँ यांनी विद्यार्थ्यांसाठी चित्रपट मंडळ सुरू केले. १९४४ मध्ये शहर मुक्त झाले आणि ते एका दैनिकाचे चित्रपट समीक्षक बनले. जोडीला कामगारांसाठी सांस्कृतिक कार्य करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी उमेद ओतली. कारखान्यांत, कामगारांच्या सभागृहांत चित्रपट दाखवायचे आणि दिवे लागल्यावर त्यावर चर्चा घडवून आणायची. ज्याला वर्गात उभे राहू दिले नाही, त्याला असा हजारोंचा वर्ग लाभला.

ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ १९४६ मध्ये पॅरिसमध्ये झळकला. त्यापूर्वीच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी त्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला होता. तिशीही न गाठलेल्या बाझँ यांनी त्याला उत्तर दिले, तेही १९४७ मध्ये खुद्द सार्त्र यांच्याच नियतकालिकातून. त्यांनी नायिकेच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचे दृश्य उलगडून दाखवले. अगदी पुढे पेला आणि औषधाची बाटली, मध्ये अंथरुणात पडलेली स्त्री, मागे बंद दार आणि त्यावर पडणाऱ्या थापा. सारे एकाच चौकटीत. दृश्याचे तुकडे करून दिग्दर्शक प्रेक्षकाचे बोट धरत नाही, तर नजर कोठे ठेवायची हे त्याच्यावर सोपवतो. बाझँ यांच्या लेखी तंत्रातील हा बदल प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याशी जोडलेला होता.

त्यांच्या आवडीचा परीघ विलक्षण मोठा होता. डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’वर लिहिताना त्यांनी लहानग्या मुलाच्या चालीकडे लक्ष वेधले. बापाच्या मागे, पुढे, बाजूने चालणाऱ्या त्या पावलांत अवघी कथा सामावलेली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ‘द सर्कस’मध्ये चॅप्लिन सिंहाच्या पिंजऱ्यात सापडतो, तेव्हा दोघे एकाच चौकटीत दिसतात म्हणूनच आपला श्वास रोखला जातो, हे त्यांचे निरीक्षण आजही चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तराफ्यावरून महासागर ओलांडणाऱ्यांच्या ‘कॉन-टिकी’ या माहितीपटातील अस्पष्ट, थरथरती दृश्ये त्यांना मोलाची वाटली. संकट समोर असताना कॅमेरा स्थिर राहूच शकत नाही आणि ती थरथरच घटनेची साक्ष ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांवरही त्यांनी तितक्याच गांभीर्याने लिहिले.

मताची किंमत मोजण्याचीही त्यांची तयारी होती. १९५० मध्ये त्यांनी सोव्हिएत चित्रपटांतील स्टालिनच्या प्रतिमेवर निबंध लिहिला. जिवंत माणसाला कधीही न चुकणारा, इतिहासाचा शेवटचा शब्द म्हणून रंगवणे म्हणजे इतिहासच थांबवणे, असा त्याचा आशय होता. भोवतालची मंडळी बहुतांश डाव्या विचारांची, त्यामुळे सहकारी दुरावले. ज्येष्ठ साम्यवादी समीक्षक जॉर्ज सादूल यांनी खरमरीत प्रत्युत्तर दिले. क्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका केली ती पुढे सहा वर्षांनी.

त्याच सुमारास क्षयाने त्यांना गाठले. तशाही स्थितीत एप्रिल १९५१ मध्ये झाक दोन्योल-व्हालक्रोझ आणि लो ड्यूका यांच्यासह त्यांनी ‘काये द्यु सिनेमा’ हे मासिक सुरू केले. त्रुफोशी त्यांची ओळख त्याआधीची. चित्रपट मंडळापायी कर्जात बुडालेल्या या मुलाला वडिलांनी सुधारगृहात पाठवले होते. त्याच्यासाठी शब्द टाकून बाझँ यांनी त्याला बाहेर काढले. पुढे सैन्यातून पळाल्याबद्दल तो तुरुंगात गेला तेव्हाही धावपळ त्यांनीच केली. पत्नी जानीन यांच्यासह त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि लिहिते केले.

हा शिष्य आणि त्याचे मित्र पुढे दिग्दर्शकाला चित्रपटाचा एकमेव कर्ता मानू लागले. आवडत्या दिग्दर्शकाची फसलेली कृतीही ते डोक्यावर घेत. १९५७ मध्ये त्याच मासिकातून बाझँ यांनी त्यांना व्यक्तिपूजेच्या धोक्याविषयी सावध केले. मतभेद छापून आला, जिव्हाळा मात्र उणावला नाही.

भारताशीही त्यांचा एक धागा जुळतो. १९५६ च्या कान महोत्सवात ‘पाथेर पांचाली’चा पहिला खेळ जवळपास दुर्लक्षित राहिला. काही समीक्षकांनी आग्रह धरून तो पुन्हा दाखवायला लावला, आणि सत्यजित राय यांच्या या चित्रपटाला विशेष पुरस्कार मिळाला. त्या समीक्षकांत लॉटे आयस्नर, लिंडसे अँडरसन होते, बाझँ होते आणि कधीकाळी त्यांच्यावर तुटून पडलेले सादूलही होते.

१९५४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. उरलेली चार वर्षे त्यांनी लिहिण्यात घालवली. अखेरच्या दिवसांतही अंथरुणातून दूरचित्रवाणीवर ज्याँ रेन्वा यांचा जुना चित्रपट पाहून त्यांनी त्यावर टिपण लिहिले. जेमतेम १५ वर्षांच्या कारकिर्दीत अडीच हजारांहून अधिक लेख त्यांच्या हातून उतरले. निवडक लेखांचे ‘सिनेमा म्हणजे काय?’ हे चार खंड १९५८ ते १९६२ दरम्यान प्रसिद्ध झाले. समग्र लेखन एकत्र यायला मात्र २०१८ हे जन्मशताब्दी वर्ष उजाडावे लागले.

त्या नोव्हेंबरात सुरू झालेला त्रुफोचा चित्रपट ‘द फोर हंड्रेड ब्लोज’. घरात आणि शाळेत कोणालाच नकोशा झालेल्या मुलाची ती कहाणी. १९५९ मध्ये कान येथे तिने उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवला. चित्रपटाच्या प्रारंभी पडद्यावर अर्पणपत्रिका उमटते. तीत नाव आहे ते आंद्रे बाझँ यांचे.