वाल्डेमार हाफकिन

लस घेतल्यावर महिन्याने आजोबा वारले, म्हणून लसीनेच ते गेले, असे अनगोळच्या आमच्या शब्बाथशाळेत एका मुलाने सांगितले. एकामागून दुसरे घडले की पहिले तेच कारण, असे मोठ्यांनाही वाटते. जन्मांधाला पाहून शिष्यांनीदेखील अशीच घाई केली होती. त्या वर्गाला आम्ही हाफकिन यांचे चरित्र सांगितले.

ओडेसा येथील यहुदी कुटुंबात 1860 साली त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून 1893 साली ते पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. 1896 साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी लस दिली. न टोचलेल्यांत अधिक माणसे दगावली. गुण लसीचाच, असे कोणीही म्हणाले असते. पण आपण होऊन पुढे येणारे मुळातच धडधाकट असले तर? ही शंका उरतेच. म्हणून 1898 साली बडोद्याजवळच्या उंडेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. छप्पर एक, चूल एक, पाणी एक. फरक काय तो सुईचा. ज्या 28 घरांत प्लेग शिरला, तेथील न टोचलेल्या 64 जणांपैकी 26 मेले, टोचलेल्या 71 पैकी 3. हे आकडे आम्ही फळ्यावर लिहिले, तेव्हा वर्ग गप्प झाला.

पुढे हाच न्याय त्यांच्या स्वतःच्या वाट्याला यायला हवा होता. तो लवकर आला नाही. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मेली. येथे सुई आणि मृत्यू यांचा संबंध खराच होता. पण दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. वास्तविक ते 19 जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, असे आढळले. तरीही 1907 पर्यंत त्यांना कलंक सोसावा लागला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे तो पुसला गेला.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. 1930 साली लोझान येथे ते वारले.