दुर्बीण नव्हे, बंदूक!

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या की वेस्ट बेटावर शनिवारी सकाळी एक वेगळीच गर्दी बोटीत चढते. गळ्यात दुर्बिणी, खिशात वही आणि तोंडात फक्त पक्ष्यांची नावं. हा ग्रुप निघालेला असतो ११० किलोमीटरवरच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर. मेक्सिकोचं आखात ओलांडून उत्तरेकडे चाललेले मुठीएवढे पक्षी दमून याच बेटांवर टेकतात. इतके दमलेले, की माणूस जवळ आला तरी उडत नाहीत.

मे १८३२ मध्ये इथे एक ४७ वर्षांचा माणूस सरकारी जहाजातून आला होता. त्याच्या हातात दुर्बीण नव्हती, बंदूक होती. नाव जॉन जेम्स ऑड्युबॉन.

याची कुंडलीच भन्नाट. जन्म १७८५ चा, आजच्या हैतीतला. वडील फ्रेंच नौदलातले, उसाच्या मळ्याचे मालक. आई मोलकरीण, लग्न झालेलं नव्हतं आणि मूल काही महिन्यांचं असतानाच ती गेली. वाढवलं वडिलांच्या फ्रान्समधल्या बायकोने, तेही भरपूर लाडात. नेपोलियनच्या सैन्यात भरती व्हायला लागू नये म्हणून १८ व्या वर्षी वडिलांनी त्याला अमेरिकेला धाडलं. तिथे शेतावर लक्ष ठेवायचं सोडून हा पठ्ठ्या रानात पक्ष्यांमागे फिरायचा.

पुढे लग्न, दुकान, गिरणी. सगळं बुडालं. १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगाची हवाही खाल्ली. हातात उरली ती चित्रकला. मग त्याने ठरवलं, अमेरिकेतले सगळे पक्षी काढायचे, तेही जेवढ्यास तेवढे! घर कोणी चालवलं? बायकोने. लूसीने शिकवण्या घेऊन मुलं वाढवली, वर याच्या प्रवासाला पैसेही पुरवले. माझ्या मते या गोष्टीतली खरी हिरो तीच.

अमेरिकेत प्रकाशक मिळेना, म्हणून १८२६ मध्ये तो इंग्लंडला गेला. १८२७ ते १८३८ अशी अकरा वर्षं ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ हप्त्याहप्त्याने छापलं गेलं. एकूण ४३५ चित्रं, प्रत्येक हाताने रंगवलेलं, पान जवळजवळ मीटरभर उंच. फ्लेमिंगो तरीही मावेना, मग त्याची मान खाली वाकवली. गंमत म्हणजे फ्लोरिडात फ्लेमिंगोंचा थवा दिसूनही एकही त्याच्या हाती लागला नव्हता. चित्रासाठी नमुने क्युबाहून मागवावे लागले.

टॉर्टुगासवर त्याला सुरय कुळातल्या पक्ष्यांची अफाट वस्ती दिसली. सूटी टर्न वाळूतच अंडं घालतात, नॉडी मात्र झुडपांत काटक्यांचं घरटं बांधतात, हे त्याने नीट टिपून ठेवलं. हवानाहून आलेली माणसं विकायला ढिगाने अंडी गोळा करत होती, तेही लिहून ठेवलं. सूटी टर्नची वस्ती आजही तिथल्या बुश कीवर भरते आणि विणीच्या दिवसांत त्या बेटावर माणसाला पाय ठेवता येत नाही.

ऑड्युबॉन मात्र गोळी घालायचा. मारलेला पक्षी तारांनी फळीवर उभा करायचा, जिवंत वाटेल अशी पोझ द्यायचा आणि रंग उडायच्या आत चित्र काढायचा. कॅमेरा नव्हता, मान्य. त्या काळी सगळेच अभ्यासक मारून अभ्यास करत, हेही मान्य. पण तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारायचा, हे त्याच्याच नोंदींवरून दिसतं. चित्रांमधली जिवंत नजर बघताना हे आठवलं की जरा चरकायला होतं.

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच. ऑड्युबॉनने गुलाम बाळगले होते. धंदा बुडत होता तेव्हा तो दोन गुलामांना घेऊन होडीने मिसिसिपी नदीतून न्यू ऑर्लिन्सला गेला आणि होडीसकट त्या दोघांना विकून आला. पुढच्याच वर्षी, १८२० मध्ये, पक्ष्यांची चित्रं काढायला तो याच नदीतून निघाला. शाळकरी पुस्तकं दुसऱ्या प्रवासाबद्दल भरभरून सांगतात, पहिल्याबद्दल नाही.

१८५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो वारला. शेवटची वर्षं स्मृती गेलेली होती. पुढे टोप्यांवरच्या पिसांसाठी होणारी पक्ष्यांची कत्तल थांबवायला निघालेल्या चळवळीने त्याचंच नाव घेतलं. बंदूकवाल्याचं नाव, आणि काम पक्षी वाचवण्याचं! २०२३ मध्ये नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीत हे नाव ठेवायचं की टाकायचं यावर जोरदार वाद झाला. संचालक मंडळाने ठेवायचं ठरवलं. त्यावरून काही संचालकांनी राजीनामे दिले, आणि सिअ‍ॅटल, शिकागोसारख्या शहरांतल्या शाखांनी आपल्या पाटीवरून ते काढून टाकलं.